झाकणाखालची धूळ

श्रोतेहो, शिवणयंत्र अडले तर ते उलटे करून त्यात तेलाचे दोन थेंब सोडणारी, सायकलची साखळी उतरली तर रस्त्यातच ती चढवून पुढे निघणारी आपली मंडळी मेजाखालच्या संगणकापुढे मात्र एकाएकी परकी होतात. सहासात वर्षांपूर्वी हौसेने आणलेले ते यंत्र मंदावते. ते सुरू करून आपण चहा घेऊन परत आलो तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असते. आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागतो. मग घरात ठराव होतो की, यंत्र म्हातारे झाले, आता नवे घ्यावे. या ठरावावर शिक्कामोर्तब होण्यापूर्वी त्या पेटीचे एका बाजूचे झाकण काढून आत डोकावावे, एवढीच आजची माझी विनंती आहे.

ही पेटी मुळात उघडण्यासाठीच घडविलेली आहे, हे आपण विसरतो. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम या अमेरिकन कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. वेळ थोडा होता, म्हणून तिने त्याचे बहुतेक भाग इतरांकडून विकत घेतले, आत जादा फलक बसविण्यासाठी पाच जागा ठेवल्या आणि अंतर्रचनेचे आराखडेही छापून प्रसिद्ध केले. परिणामी कोणाही कारखानदाराला त्यात नेमका बसेल असा भाग बनविता येऊ लागला. आपल्या मेजाखालची पेटी त्याच वंशातली आहे. उलट १९८४ सालचा मॅकिंटॉश उघडावयाचा तर लांब दांड्याचा खास पेचकस लागे. मालकाने आत हात घालू नये, हीच त्यामागची इच्छा. आजचे कित्येक लॅपटॉप या दुसऱ्या वंशावर गेले आहेत, त्यांतील स्मृतीच्या चिपा फलकावर झाळूनच टाकलेल्या असतात. तेव्हा माझे बोलणे मेजाजवळच्या मोठ्या पेटीपुरतेच समजावे.

पहिले काम मात्र पेचकसाचे नव्हे. मुलांची छायाचित्रे, घराची कागदपत्रे, कोणाचा अर्धा लिहिलेला प्रबंध, जे काही त्या यंत्रात एकुलते एक असेल, त्याची दुसरी प्रत बाहेर काढून ठेवावी. यंत्राचा कोणताही भाग बाजारात मिळतो. ही वस्तू मिळत नाही. त्यानंतर संगणक रीतसर बंद करून भिंतीतील प्लग काढावा आणि चालू करण्याची कळ काही क्षण दाबून धरावी, म्हणजे आत रेंगाळणारी वीज निघून जाते.

दिल्ली, नागपूर किंवा इंदूरकडच्या श्रोत्यांना हिवाळ्यात स्वेटर काढताना होणारा तडतड आवाज परिचित असेल. त्या स्थिर विजेचा चटका आपल्याला जाणवतो, तेव्हा तिचा दाब दोनतीन हजार व्होल्टांच्या घरात असतो. काही नाजूक चिपांना तर १०० व्होल्टांहून कमी दाबही पुरतो. म्हणून आत हात घालण्यापूर्वी आणि मधून मधून पेटीच्या उघड्या, रंग न दिलेल्या धातूला स्पर्श करावा, आणि लोकरी कपडे व सतरंजी या कामातून वगळावी. मुंबईच्या दमट हवेत हा धोका कमी, पण अजिबात नाही असे नव्हे.

आता झाकण काढा. आत जे दिसते ते पाहून बहुतेक गृहिणी संतापतील. कपड्यांचे तंतू, उदबत्तीची काजळी, पावडर, केस, रस्त्यावरची माती या सर्वांचा मिळून एक करडा नमदा तयार झालेला असतो, आणि तो नेमका नको तेथे, म्हणजे प्रोसेसरवर बसविलेल्या धातूच्या पात्यांत अडकलेला असतो. नखाएवढ्या चिपेतून पूर्वीच्या ६० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर पडू शकते. ती वाहून नेण्यासाठीच त्या पात्या आणि तो पंखा. वाट बुजली की तापमान चढते, आणि ते १०० अंश सेल्सियसच्या आसपास गेले की बहुतेक प्रोसेसर जळू नये म्हणून आपण होऊन आपली गती उतरवितात. आपण ज्याला म्हातारपण म्हणतो, तो पुष्कळदा हा ताप असतो.

मऊ कुंचला आणि हवेचा फवारा, एवढ्यावर हे काम होते. फवारा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून त्याचे बेअरिंग बिघडते. ओले फडके नको. प्रोसेसरवरचा पंखा उपटून खालचा उष्णतावाहक लेप नव्याने लावण्याचा उत्साह मात्र पहिल्या दिवशी आवरावा; धूळ काढूनही ताप उतरला नाही, तरच तिकडे वळावे. आणि मागच्या कोपऱ्यातील वीजपुरवठ्याची बंद पेटी कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही तिच्यातील कॅपॅसिटरांत ३०० व्होल्टांहून अधिक दाबाची वीज साठून राहिलेली असू शकते. तिची धूळ बाहेरूनच उडवावी.

धूळ गेली तरी यंत्र रेंगाळते, त्याचे कारण बहुधा चकती. जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरते. हवी ती नोंद वाचकसुईखाली येण्यासाठी सुईला सरकावे लागते आणि चकतीच्या फेऱ्याची वाटही पाहावी लागते. त्यामुळे इकडे तिकडे विखुरलेल्या नोंदी ती सेकंदाला शंभराच्या आतबाहेरच आणून देऊ शकते. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, आणि तीच संख्या हजारोंत जाते. जुन्या संगणकावर एकच खर्च करावयाचा असेल तर तो येथे करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्मृती, म्हणजे रॅम, ही स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी. ओटा लहान असला की एक डबा काढताना दुसरा कोठीत नेऊन ठेवावा लागतो. स्वयंपाकापेक्षा येरझाराच अधिक. ४ जीबीची ८ जीबी केली तर या येरझारा थांबतात. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ यांच्या पट्ट्यांची खाच निरनिराळ्या जागी असते, तेव्हा खरेदीपूर्वी जुन्या पट्टीवरील मजकूर वाचावा. बसविताना थोडा जोर लागतो. खाच जुळली असेल तर दोन्ही टोकांच्या कड्या टक् करून मिटतात. जुळत नसेल तर जोर लावू नये.

या खटाटोपाला मर्यादा आहे, तीही सांगावयास हवी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साधारणपणे २०१७ पूर्वीच्या प्रोसेसरांना स्वीकारीत नाही. धूळ काढल्याने हा दाखला बदलत नाही. अशा यंत्रावर लिनक्स चालविता येते. लिहिणे, वाचणे, पत्रव्यवहार एवढ्यासाठी ते पुरते. ज्यांचे काम विशिष्ट विंडोज प्रणालीवरच अडलेले असेल, त्यांनी मात्र नवे यंत्र घ्यावे, हेच बरे.

काढलेली चकती भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्याची घाई करू नये. फाइल पुसली, असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा तिची अनुक्रमणिकेतील नोंदच तेवढी पुसलेली असते. मजकूर जागच्या जागी असतो आणि तो वाचता येतो. संपूर्ण चकतीवर नवे लेखन फिरविल्यावरच ती हातातून सोडावी, आणि तीही ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्राकडे.

आणि झाकण लावण्यापूर्वी मदरबोर्डवरच्या रुपयाच्या नाण्यासारख्या चकचकीत घटाकडे एकदा पाहावे. ३ व्होल्टांचा हा घट संगणक बंद असताना त्याचे घड्याळ चालवितो. तो संपला की यंत्र दररोज सकाळी भलत्याच सालात जागे होते, तारीख जुळत नाही म्हणून बँकेचे संकेतस्थळ दार उघडीत नाही, आणि घरातले सर्वजण इंटरनेटवाल्याला दूरध्वनी करीत बसतात. त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. घड्याळाच्या दुकानातही तो मिळतो.