दिसलं खरं, पण काय?

काशीत मराठी माणूस बोलायला उभा राहिला की विषय घाटांचा, नाहीतर गागाभट्टांचा, अशी तुमची अपेक्षा असणार. मी मात्र आज परग्रहवासीयांवर बोलणार आहे. आयुष्य फौजेत गेलं, उघड्या आकाशाखाली पुष्कळ रात्री काढल्या, म्हणून लोक हटकून विचारतात, "साहेब, तुम्हाला कधी काही दिसलं का हो?" मला नाही दिसलं. पण ज्यांना दिसलं असं ते सांगतात, त्यांच्याशी आपण कसं वागायचं? हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो.

इथल्या जुन्या मंडळींना २००२ सालचा मुँहनोचवा आठवत असेल. मिर्झापूरपासून पार लखनौच्या बाजूपर्यंत एकच बोलबाला होता. रात्री लाल-निळा प्रकाश टाकत काहीतरी उडत येतं आणि झोपलेल्या माणसाचं तोंड ओरबाडून जातं. कुणी म्हणे परग्रहावरचं, कुणी म्हणे शेजारी देशानं सोडलेलं. उकाड्यात बाहेर झोपणारी माणसं घरात कोंडून घेऊ लागली, गावोगाव लाठ्या घेऊन पहारे बसले. पोलीस म्हणाले, किडा आहे. लखनौच्या किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजमधले डॉक्टर म्हणाले, ही सामूहिक घबराट आहे, बऱ्याच जखमा नकळत स्वतःच केलेल्या आहेत. हल्लेखोराला पकडा, म्हणत एके ठिकाणी हजारोंचा जमाव जमला. पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात एक माणूस दगावला.

आता बघा. ओरखडे खरे होते, भीती तर शंभर टक्के खरी होती. तपासलेला नव्हता तो फक्त अर्थ. लोकांनी न तपासता एक अर्थ धरला. उलट बाजूनं, "किडा आहे, घरी जा" एवढंच सांगून घाबरलेल्या माणसाची भीती जात नाही, उलट चिडच वाढते. आंधळा विश्वास महागात पडतो, तशी झिडकारणीही महागात पडते.

दुसरी गोष्ट आपल्या जवानांची. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखच्या सीमेवर पहाऱ्यावरच्या जवानांनी सरोवरावर दिसणाऱ्या अनोळखी प्रकाशांच्या ३२९ नोंदी केल्या. त्यातल्या १५५ वेळा ती वस्तू आपल्या हद्दीत शिरल्याचं नोंदलं होतं. चीनचे टेहळणी ड्रोन असावेत, असा संशय. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारलं. ताऱ्यांच्या संदर्भात त्या प्रकाशांची हालचाल तपासली, तेव्हा कळलं की ते गुरू आणि शुक्र होते. उंचावरच्या विरळ, स्वच्छ हवेत ग्रह नेहमीपेक्षा तेजस्वी दिसतात.

बातमी आली तेव्हा लोक हसले. फौजेला शुक्र ओळखता येत नाही म्हणे! मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. संत्र्याचं काम दिसेल ते नोंदवणं, ते त्यानं चोख केलं. नोंदी होत्या म्हणून तर शास्त्रज्ञांना उत्तर काढता आलं. त्या जवानाची टर उडवली, तर पुढच्या वेळी खरोखरचा ड्रोन आला तरी तो विचार करेल, 'कशाला सांगा, साहेब हसतील.' असा गप्प बसलेला संत्री चौकीला केवढ्याला पडेल, याचा अंदाज करा.

सगळ्याच गोष्टींचा असा निकाल लागत नाही. २७ सप्टेंबर २००४ रोजी हिमाचलात लाहौल-स्पितीच्या समुद्र टापू भागात अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचे डॉ. अनिल कुलकर्णी हिमनद्यांच्या अभ्यासासाठी गेले होते. त्यांना आणि त्यांच्या तुकडीला उतारावर यंत्रमानवासारखी चारेक फुटांची पांढरी आकृती सरकताना दिसली. मग ती वर उडाली आणि दिसेनाशी झाली. पाहणारे १४ जण, त्यात ६ शास्त्रज्ञ. कुलकर्णींनी फोटो काढले, प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं आणि अहवाल वरपर्यंत पाठवला. साक्षीदारांना वेगळं बसवून विचारायचं, ही आमच्या चौकशीतलीही पहिली पायरी. एकाचं ऐकून दुसऱ्यानं सांगू नये म्हणून. तो फुगा असेल, असंही काहींनी सुचवलं. पण अशा प्रकरणात 'अजून माहीत नाही' हेही उत्तर असतं. माहीत नाही म्हणजे परग्रहवासी, असं मात्र होत नाही.

या बाबतीत आपल्या काशीनंच एक आदर्श दिला आहे. जयंत नारळीकर इथेच वाढले. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवत, मुलगा तिथूनच १९५७ साली पदवीधर झाला. परग्रहावरच्या जीवसृष्टीवर त्यांनी मराठीत 'प्रेषित' कादंबरी लिहिली. कल्पनेला त्यांनी कधी अडवलं नाही. पण पुराव्याची वेळ आली तेव्हा इस्रोच्या प्रयोगात हैदराबादहून बलून सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. २००९ साली त्यातून तीन नवे जिवाणू जाहीर झाले. एकाला त्यांचे गुरू फ्रेड हॉयल यांचं नाव दिलं. एवढं हाती येऊनही, हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आल्याचं यावरून सिद्ध होत नाही, असं इस्रोनं स्पष्ट सांगितलं. 

म्हणून माझं सांगणं साधं आहे. उद्या घरातला नातू, शेजारी, गावाकडचा चुलतभाऊ म्हणाला, "मी आकाशात काहीतरी पाहिलं," तर हसू नका, आणि लगेच मोबाइलवरून शंभर जणांना पाठवूही नका. त्याला बसवा, पाणी द्या आणि विचारा. किती वाजता? कुठल्या दिशेला? किती वेळ? आणखी कोणी पाहिलं? आधी एवढं कागदावर उतरवून घ्या. 'ते काय असेल' हा प्रश्न त्याच्यानंतर. निम्म्याहून जास्त वेळा उत्तर त्या कागदावरच सापडेल. नाही सापडलं, तर कागद जपून ठेवा. सांगणाऱ्याचा मान राहील आणि गावात लाठ्या निघणार नाहीत.

तुमचे प्रश्न असतील तर आता घेतो.