बंद खाणीतले बिऱ्हाड

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या शिवारात चुनखडीची खाण शोधाल तर हाती काही लागणार नाही. गोदाकाठच्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे सापडतात, तेवढेच. बाकी सगळा काळा बेसॉल्ट, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यामुळे इकडे बंद खाण म्हटली की ती खडीचीच.

पण तिला कमी लेखू नका. लाव्हा थंडावताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्यातून स्टिल्बाइट, अॅपोफिलाइट असे स्फटिक वाढले. पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणींचे असे नमुने परदेशांतल्या संग्रहांतही आहेत. डोळ्यांनी बघायचे तर सिन्नरचे गारगोटी संग्रहालय गाठा.

सुरुंग थांबले की कड्यावर शृंगी घुबड बिऱ्हाड थाटते. घरटे बांधायची भानगड नाही. कपारीतल्या उघड्या मातीवरच अंडी. नारिंगी डोळे, डोक्यावर पिसांची दोन शिंगे, आणि खाणे मुख्यतः उंदीर-घुशींचे. शेतकऱ्याला फुकटचा राखणदार! तरी लोक त्यालाच अपशकुनी म्हणतात, हे नवलच. पावसाळ्यात खाणीच्या तळाशी पाणी साचते, बेडकांची चंगळ होते. हिवाळ्यापासून उन्हाळा लागेपर्यंत मात्र कड्याच्या फार जवळ जाऊ नका. तेव्हा घुबडाच्या विणीचा हंगाम असतो.