काचपेटीतील तळे : प्राथमिक शाळेतील एक प्रयोग



मुलांना जिवंत मासा दाखवावा असे प्रत्येक शिक्षकास वाटते. परंतु पुस्तकातील चित्रापलीकडे त्याचे साधन बहुधा हाताशी नसते. एखाद्या शाळेत हौसेने काचेची पेटी येते, तीत रंगीत मासे सोडले जातात, आणि पंधरवड्याच्या आत ती रिकामी होऊन कपाटावर जाऊन बसते. त्या पंधरवड्यात मुलांनी काय पाहिले? एकामागून एक मासा उलटा होऊन पाण्यावर तरंगताना पाहिला. 'मासे नाजूकच असतात' एवढेच त्यांना सांगण्यात येते. हे उत्तर खरे नव्हे. माशांच्या आधी जे पेटीत यावयास हवे होते ते आले नव्हते, म्हणून मासे मेले. ते काय, आणि कोणत्या क्रमाने यावे, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

या प्रश्नाचा एक पद्धतशीर प्रयोग लंडनमध्ये झाला. रॉबर्ट वॉरिंग्टन हे तेथील रसायनशास्त्रज्ञ. १८४१ साली लंडनची केमिकल सोसायटी स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला होता. १८४९ साली त्यांनी १२ गॅलन पाणी मावेल असे काचपात्र घेतले, तळाशी वाळू व माती घातली, व्हॅलिसनेरिया नावाची, लांब फितीसारख्या पानांची जलवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. वनस्पती उजेडात प्राणवायू देईल तो मासा घेईल, आणि मासा जो कार्बन डायऑक्साइड सोडील तो वनस्पती घेईल, असा त्यांचा हिशेब होता. काही काळ तो बरोबर ठरला. पुढे वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, काचेवर हिरवट बुळबुळीत थर चढला आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा वॉरिंग्टन यांनी पाच-सहा पाणगोगलगाई आणून पात्रात सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व तो थर खाऊन टाकला, पाणी निवळले, शिवाय त्यांची अंडी माशांना आयते अन्न झाली. १८५० साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला, आणि १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. वनस्पती व मासा या दोन देखण्या भागीदारांचा मोडलेला हिशेब सावरला तो ज्याच्याकडे कोणी कौतुकाने पाहत नाही अशा प्राण्याने, ही गोष्ट ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

परंतु वॉरिंग्टन यांनाही न दिसलेला आणखी एक कामकरी वर्ग त्या पात्रात होता. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया येतो. तो माशांना विषासमान आहे. वाळूच्या कणांवर, दगडांवर व पानांवर वसती करणारे सूक्ष्म जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र त्या मानाने निरुपद्रवी असून वनस्पतींचे खत होते. अशा जीवाणूंचे कार्य १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी दाखवून दिले. शेतकऱ्याच्या मुलास हे समजावून सांगणे कठीण नाही. ताजे शेण रोपाच्या बुंध्याशी घातले तर रोप करपते. तेच उकिरड्यात कुजून खत झाले की रोपाला मानवते. पेटीतही असेच कुजवण्याचे काम करणारे जीव आधी तयार व्हावे लागतात, आणि त्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी मासे सोडल्यास ते आपल्याच मलमूत्राच्या विषात सापडतात. पंधरवड्यातील त्या मरणाचे कारण बहुधा हेच होय.

आता प्रत्यक्ष मांडणी. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशी पेटी शाळेस पुरेशी आहे. तीत सुमारे ५४ लिटर पाणी मावते. वाळू व काच धरून भार ७० किलोच्या आसपास जातो. म्हणून मेज भक्कम हवे. पाण्यात प्राणवायू मुख्यत्वे पृष्ठभागातून शिरतो. यास्तव अरुंद तोंडाची गोल बरणी दिसावयास सुंदर असली तरी माशांना घातक आहे. पेटी खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी ठेवावी. वाळू निवळशंख पाणी निघेपर्यंत धुऊन पाच सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा. त्यात व्हॅलिसनेरिया व हायड्रिला लावाव्यात. या दोन्ही आपल्याकडील तळ्यांत व संथ ओढ्यांत आढळतात. उजेडात हायड्रिलाच्या पानांवरून वर जाणारे बुडबुडे मुलांना हटकून दाखवावे. रात्री मात्र वनस्पतीही प्राणवायू घेतात, म्हणून प्राणी थोडेच ठेवावे. तसे केल्यास वीज गेली तरी पेटीस धोका नसतो.

पाण्याविषयी दोन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. नळाच्या अथवा विहिरीच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकलेली असल्यास ते उघड्या बादलीत पूर्ण एक दिवस ठेवून मगच वापरावे. दुसरे पथ्य तांब्याचे. तांब्याच्या हंड्यातील पाणी आपण आवडीने पितो. पण त्यात उतरलेला तांब्याचा अल्प अंशही कोळंबी व गोगलगाय यांस प्राणघातक ठरू शकतो. म्हणून पेटीसाठी तांब्या-पितळेची भांडी वापरू नयेत.

पेटी भरल्यावर एक दिवसाआड चिमटीभर मत्स्यखाद्य टाकीत जावे. मासे नसताना अन्न कोणासाठी, असे मुले विचारतील. ते जीवाणूंसाठी, हे उत्तर त्यांच्या कायमचे स्मरणात राहील. जुन्या, निरोगी पेटीतील मूठभर वाळू मिळाल्यास ती विरजणासारखी कामी येते.

दोन-तीन आठवड्यांनी गोगलगाई आणाव्यात. येथे एक सावधगिरी अवश्य आहे. आपल्या तळ्यांतील लिम्निया जातीच्या गोगलगाई गुरांच्या यकृतात होणाऱ्या पर्णकृमीच्या वाहक असतात. इतर काही जाती अन्य कृमींच्या. म्हणून बाहेरची गोगलगाय मुलांनी उघड्या हाताने धरू नये. पानांच्या मागे चिकटलेला तिच्या अंड्यांचा पारदर्शक, चिकट पुंजका शिक्षकांनी आणावा व स्वच्छ पाण्यात उबवावा. हे कृमी अंड्यांतून पुढील पिढीत जात नाहीत. भिंगातून पाहिले असता अंड्यातील जीव हळूहळू गरगर फिरताना दिसतो. सुमारे दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात. पुढे पेटीत गोगलगाई भराभर वाढल्या तर समजावे की अन्न अधिक पडत आहे. त्या जणू शिक्षकांच्या हाताचे मापच सांगतात. पेटीचे काम झाल्यावर प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत, हा नियम मोडू देऊ नये.

त्यानंतर कोळंबी. गोड्या पाण्यातील अडीच-तीन सेंटिमीटरची लहान जात निवडावी. मोठ्या जाती माशांनाच धरतात. बाजारात मिळणारी लाल चेरी कोळंबी पूर्व आशियातील आहे. पानांवरील शेवाळ व गाळ ती दिवसभर वेचीत असते. एके दिवशी मुले धावत येऊन सांगतील की कोळंबी मेली. पाहावे, तर ते पारदर्शक रिकामे कवच असते, आणि कोळंबी पानाआड लपलेली. सापाप्रमाणे तीही कात टाकते, आणि नवे कवच कठीण होईपर्यंत दडून राहते. ती कात पेटीतच राहू द्यावी. त्यातील चुना तिच्याच उपयोगी पडतो. मादी आपली अंडी पोटाखाली धरून पायांनी सतत वारा घालते, हे दृश्य तर पुस्तकातून शिकवता येणारच नाही.

सहा आठवड्यांनी मासे. आपल्याच उपखंडातील झेब्रा मासा यास उत्तम. गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील आपल्या ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली त्याचे वर्णन केले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर संशोधन चालते. तो कळपाने राहतो, म्हणून सहा तरी असावेत. तो उडी मारतो, म्हणून पेटीवर जाळी हवी. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच अन्न दिवसातून एकदा द्यावे. कोळंबीची काही पिल्ले मासे खातीलच. दाट वनस्पतींत काही वाचतील. मुलांपासून हे लपवू नये. आठवड्यास पाचवा हिस्सा पाणी बदलावे.

उन्हाळी सुट्टीचा विचार पेटी मांडण्यापूर्वीच झाला पाहिजे. मे महिन्यात पाणी तापते, आटते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. गावातील मुलांची पाळी लावून पाण्याची भर व अल्प अन्न यांची व्यवस्था करावी. ती होणार नसेल तर पेटी मांडू नये, हेच प्रामाणिकपणाचे होय.

पेटी मोडावी लागली तरी तीतील कोणताही जीव वा वनस्पती ओढ्यात, विहिरीत अथवा तलावात टाकू नये. ते दयेचे कृत्य वाटते, पण परिणाम विपरीत होतो. शेवाळ खाण्यासाठी पेट्यांत ठेवला जाणारा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा आज पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात पसरला असून तेथील मासेमारीस उपद्रव देत आहे. पेटीतील जीव दुसऱ्या शाळेस द्यावेत.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. पहिल्या सहा आठवड्यांत पेटीत मासा असणार नाही. त्या काळात पालक येतील, विस्तार अधिकारी येतील, आणि 'मासे कोठे आहेत?' असे विचारतील. अशा वेळी शिक्षकांनी गडबडून जाऊन बाजारातून मासे आणू नयेत. उत्तर मुलांनाच देऊ द्यावे. पेटीजवळच्या वहीत रोजची नोंद करणारी चौथीतील एखादी मुलगी जर पुढे येऊन सांगू शकली की, "अजून पाणी तयार व्हायचे आहे, आधी जीवाणू, मग गोगलगाय, मग कोळंबी, आणि मग मासे," तर त्या शाळेतील निसर्गशिक्षण योग्य मार्गावर आहे असे समजण्यास हरकत नाही.