नाव शेवटच्या रकान्यात
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या लालबाग-परळमध्ये यादी हा शब्द जपूनच उच्चारतात. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत २८ जून २०१२ रोजी निघाली, ६,९२५ घरांची. तेव्हापासून चाळीचाळीत याद्या चालू आहेत. माझे अब्बा साचाखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा मी शाळेत होतो. आता अब्बा नाहीत. अशीच एक यादी माझ्याकडे आली, कारण मी 'लिहिणारा' माणूस. कविता लिहिणाऱ्याला याद्याही येतात, असा लोकांचा गोड समज!

शेजारची मुलगी परळच्या एका कचेरीत संगणकावर काम करते. ती म्हणाली, "चाचा, हाताने रकाने कशाला आखता? शेल स्क्रिप्ट शिका." शेल स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला एकामागून एक द्यायच्या हुकमांची चिठ्ठी. त्यात 'एको' नावाचा हुकूम दिलं ते जसंच्या तसं छापतो. 'प्रिंटएफ' मात्र शिस्तीचा. "त्याला आधी साचा द्यायचा, मग माल," ती म्हणाली. मला हसू आलं. आमच्या घरात साचा म्हणजे माग.

साचा असा: टक्क्याचं चिन्ह, मग उणे, मग वीस, मग इंग्रजी 'एस'. अर्थ, नावाला वीस घरं राखा, नाव डावीकडून लिहा, उरलेली घरं रिकामी सोडा. इंग्रजी नावं सैनिकांसारखी रांगेत उभी राहिली. मराठी नावं घातली आणि रांग मोडली. 'राम'पुढे अकरा रिकाम्या जागा, 'सखाराम'पुढे दोन, आणि अब्बांच्या नावापुढे एकही नाही.

कारण कळायला दोन संध्याकाळी गेल्या. बॅश या शेलमधला प्रिंटएफ अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतो. सप्टेंबर १९९२ मध्ये केन टॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-आठ ही पद्धत बसवली. तिच्यात साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन. शिवाय काना, उकार, जोडाक्षरातला हलन्त, सगळ्यांची मोजणी वेगळी. 'सखाराम' आपल्याला चार अक्षरं, यंत्राला सहा चिन्हं आणि अठरा बाइट.

मग मुलीने 'गॉक' दाखवला. तो बाइट सोडून चिन्हं मोजतो. रांग बरीचशी सुधारली, तरी लांब नावं तिकीट नंबरला ढकलत होती. मी हुशारी केली. साच्यात एक टिंब आणि दहा घातलं: नाव दहा चिन्हांपुढे छापू नको. कागद कसा देखणा दिसला!

रविवारी चाळीच्या चौकात यादी वाचायला बसलो. नाव जुळलं नाही तर अर्ज अडेल, ही धास्ती प्रत्येकाला, म्हणून मोठ्याने वाचायची पद्धत. वाचता वाचता मी म्हणालो, "अब्दुल रहम." अब्बांच्या शेजारच्या साच्यावरचे एक म्हातारे समोर होते. म्हणाले, "आणि पुढचं रे पोरा?" कागद पाहिला. अब्दुल रहमान हे नाव माझ्या दहाच्या आकड्यात बसत नव्हतं. शेवटचा काना आणि 'न' मीच छाटला होता. इतरांचीही नावं अशीच तुटली होती, आणि कागद देखणा दिसतो म्हणून मी चार दिवस खुशीत होतो.

आपल्या मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. तिथला खिळे जुळवणारा नाव बसत नसेल तर मधली फट बारीक करी किंवा ओळ मोडी, कारण तो नाव वाचत असे. माझी चिठ्ठी वाचत नाही, मोजते.

उपाय मुलीनेच सुचवला, आणि तो अगदी साधा निघाला. आधी अनुक्रमांक, मग तिकीट नंबर, नाव शेवटी. आकड्यांना ठरावीक घरं आणि पुढे शून्यं, म्हणजे ते सरळ रांगेत राहतात. ते इंग्रजीच ठेवले, कारण देवनागरी आकडाही तीन बाइट खातो. नावाला रुंदीच द्यायची नाही. त्याच्यामागे दुसरा रकाना नसल्यामुळे ढकलायला कोणी उरत नाही.

नवी यादी पुन्हा चौकात वाचली, आणि या वेळी म्हातारे काही बोलले नाहीत. उजवी कड मात्र वेडीवाकडी आली, कोणी आखूड, कोणी लांब. एक नाव तर समासात शिरलं होतं. मुलगी म्हणाली, "चाचा, ते नीट करू?" मी म्हटलं, राहू दे.