लागोपाठ तोच फोटो का येतो?

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादसारख्या गावात सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते, तो दिवस आठवून पाहा. तहसीलच्या सभागृहात सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकल्या जातात आणि एखाद्या लहान मुलाच्या हातून त्या काढल्या जातात. पण सोडत केवळ नशिबावर चालत नाही. राज्यघटनेच्या २४३-ड या कलमात आरक्षित पदं वेगवेगळ्या पंचायतींना आळीपाळीनं द्यावीत असं म्हटलं आहे. म्हणून कुठल्या गावाला पूर्वी काय आलं, याची नोंद समोर ठेवावी लागते. संगणकाच्या पडद्यावर फोटो दाखवतानाही नेमकं हेच लागतं.

समजा, गावातल्या शाळेनं वेबसाइट केली. वर आठ फोटो आहेत: शाळेची इमारत, कपाशीचं शेत, मिरचीचा बाजार, राजूरच्या गणपतीची सहल वगैरे. दर पाच सेकंदांनी त्यातला कुठलाही एक दिसावा, अशी योजना आहे. संगणक प्रत्येक वेळी एक ते आठमधला आकडा काढतो, पण मागचा आकडा त्याच्या लक्षात नसतो. त्यामुळे दर बदलाला आठात एक शक्यता अशी, की तोच फोटो पुन्हा येईल. बघणाऱ्याला वाटतं, पान अडकलं. त्याहून वाईट म्हणजे मिनिटभरात बारा फोटो दिसूनही पाचांतल्या एका पाहुण्याला शाळेची इमारत दिसतच नाही. ज्या मुलांनी ते फोटो काढले, त्यांच्यावर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

यावर साधा उपाय असा. आत्ता पाचवा फोटो दिसतोय. मग पुढचा आकडा एक ते सातमधून काढायचा. तो पाच किंवा त्याहून मोठा आला, तर त्यात एक मिळवायचा. तीन आला तर तिसरा फोटो, पाच आला तर सहावा, सात आला तर आठवा. पाचवा येणारच नाही आणि उरलेल्या सातांना सारखीच संधी मिळते.

तरीही दुसरा, पाचवा, पुन्हा दुसरा, असं होऊ शकतं. म्हणून सगळी यादीच पिसून घ्यावी आणि ती संपेपर्यंत क्रमानं दाखवावी. याची रीत रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ साली कागदावर करण्यासाठी सांगितली होती. रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी १९६४ साली ती संगणकासाठी बसवली. आठांतून एक निवडा, त्याची शेवटच्याशी अदलाबदल करा. मग उरलेल्या सातांतून निवडा, सातव्या जागी ठेवा. असं करत खाली या. नवी फेरी सुरू करताना मात्र मागच्या फेरीचा शेवटचा फोटोच पहिला आला नाही ना, एवढं तपासायचं. आला, तर त्याला मागं सरकवायचं. आणि पान पुन्हा उघडल्यावर ही आठवण पुसली जाते, म्हणून शेवटचा क्रमांक ब्राउझरमध्ये साठवून ठेवावा.

इथे आडवाट मात्र घेऊ नका. क्रम लावणाऱ्या तयार आज्ञेलाच 'कसाही लाव' असं सांगायचा मोह होतो. मायक्रोसॉफ्टनं २०१० साली युरोपात ब्राउझर निवडण्याचा पडदा दाखवला, तेव्हा असंच केलं होतं. काही ब्राउझर ठरावीक जागीच जास्त वेळा येऊ लागले, लोकांनी ते मोजून दाखवलं आणि कंपनीला ती रीत बदलावी लागली.

संगणकाच्या क्लासला जाणाऱ्या मुलामुलींनो, हा आठ फोटोंचा प्रोग्राम स्वतः लिहा. तो आठ हजार वेळा चालवा आणि प्रत्येक फोटो पहिल्या जागी किती वेळा आला ते मोजा. आकडा हजाराच्या आसपास यायला हवा. फारच दूर गेला, तर पिसण्याची रीत पुन्हा तपासा.