बंडूची वही

(मंडळाच्या वार्षिक निधिसंकलन स्नेहभोजनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला बजावलं आहे, "काकू, दहा-बारा मिनिटं बोला, आणि जेवणाआधीच बोला." म्हणजे भुकेल्या माणसांपुढे बोलायचं आणि वर त्यांच्याकडे पैसेही मागायचे! त्यात विषय मी निवडलाय पोपटाचा. हसू नका. यंदाचा निधी कशासाठी आहे ते तुमच्या टेबलावरच्या पत्रकात छापलेलं आहे. महाराष्ट्रात एकटे राहणारे ज्येष्ठ आणि त्यांच्या घरी रोज जाऊन त्यांचं हवं-नको बघणाऱ्या मदतनीस बायका, यांच्यासाठी आपण पैसे गोळा करतो आहोत. या कामातलं मला जे थोडंफार कळतं, ते एका पोपटाने शिकवलं. म्हणून हा विषय.

बंडू हा आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट. लहानपणी आजोळी पाहिलेला हिरवा, लाल चोचीचा राघू नव्हे. तो राघू आता भारतात पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बंडू राखाडी, शेपटी तेवढी लालभडक. ही जात मूळची पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या जंगलातली, आणि विलक्षण हुशार. तुमच्यापैकी काहींना अ‍ॅलेक्सचं नाव आठवत असेल. डॉ. आयरीन पेपरबर्ग यांनी त्याला 1977 साली आपल्या याच शिकागोतल्या दुकानातून विकत घेतलं होतं. वस्तू, रंग, आकार ओळखून तो त्यांची नावं सांगायचा. 2007 साली तो गेला तेव्हा 31 वर्षांचा होता, आणि तेही अकालीच म्हणायचं. नीट सांभाळला तर हा पक्षी चाळीस-पन्नास वर्षं जगतो. म्हणजे कुत्रा-मांजर पाळण्यासारखं हे नाही, घरात एक माणूसच वाढतं.

बंडूच्या मालकाला तुम्ही सगळे ओळखता. गणपतीत माइक आणि स्पीकर तोच सांभाळतो. नाव घ्यायचं नाही या अटीवर त्याने बोलायची परवानगी दिली आहे, म्हणून त्याला 'बंडूचा बाबा' म्हणते. 2012 साली त्याने पिल्लू आणलं तेव्हा नोकरी इथेच होती. 2016 मध्ये कन्सल्टिंगची नोकरी लागली. सोमवारी पहाटे ओहेर विमानतळ गाठायचा, गुरुवारी रात्री परत. एका रविवारी किल्ली घेऊन आमच्या दारात उभा. "काकू, चार दिवस फक्त दाणा-पाणी बघाल का?" आमचे हे नंतर म्हणाले, "चार दिवस म्हणजे दर आठवड्याचे चार दिवस, हे त्याने सांगितलं नाही!"

सुरुवातीला मी त्याच्या घरी जाऊन दाणा-पाणी करून यायचे. पण रिकाम्या घरात बंडू गप्प बसून असायचा. म्हणून दुसरा पिंजरा आणून आमच्याकडे ठेवला. आणि मग माझ्या स्वयंपाकघराची शिकवणी सुरू झाली. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, हे मला माहीत नव्हतं. तो तवा गेला, बिडाचा तवा माळ्यावरून खाली आला. अ‍ॅव्होकॅडो आणि चॉकलेट पक्ष्याला विषासमान. उदबत्ती आणि कापूर दुसऱ्या खोलीत. उलट हिरवी मिरची मात्र तो काकडीसारखी खायचा, कारण पक्ष्यांना तिखट लागतच नाही. आमचे हे त्याच्याकडे हेव्याने बघत बसायचे.

तीन वर्षं बरी गेली. बंडू माझ्या आवाजात "अहो, चहा!" म्हणायला लागला आणि हे दोनदा फसून उठलेही. पण रविवारी संध्याकाळी बाबाच्या घरी तो एक वेगळाच आवाज काढायचा. बॅगेच्या चेनचा. बाबाने बॅग काढायच्या आधीच हा "झर्र" करायचा. आम्ही कौतुकाने हसायचो. आज तो आवाज आठवला की हसू येत नाही.

आता 30 जानेवारी 2019. तुम्हाला तो दिवस आठवत असेल. ओहेरला पारा उणे 23 फॅरनहाइटवर गेला होता, शेकडो विमानं रद्द झाली होती. बाबा दुसऱ्या गावी अडकलेला. आदल्या दिवशी पिंजऱ्याच्या तळाशी मला एक पांढरं अंडं दिसलं होतं. हो, अंडं! या जातीत नर-मादी दिसायला सारखेच. रक्ताची किंवा पिसाची चाचणी केल्याशिवाय कळत नाही, आणि ती कोणी केलीच नव्हती. सहा वर्षं आम्ही ज्याला बंडू म्हणत होतो ती बंडी निघाली. मी बाबाला फोनवर सांगितलं, दोघं पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दांडीवरून खाली पडली. पंख ताठ, मान मागे, आकडी आली होती.

कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, पक्षी बघणारे नाहीत. गाडी तापवून, पिंजऱ्याला गोधडी गुंडाळून आम्ही पाऊण तासावरच्या दवाखान्यात गेलो. त्यांनी लगेच प्रथमोपचार केले. पुढे रक्ततपासणी, एक्स-रे, रात्रभर ठेवून घेणं. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला. "तुम्ही मालक का?" मी म्हटलं, "नाही." "मग मालकाची संमती?" बाबाचा फोन बंद. तो मीटिंगमध्ये होता. तीन वर्षं आठवड्यातले चार दिवस जिला मी भरवलं, तिच्यासाठी माझी सही चालत नव्हती. त्यांची काही चूक नव्हती, नियम तो नियम. चाळीस मिनिटं गेली. शेवटी मी स्वतःच्या जबाबदारीवर, स्वतःच्या कार्डवर सही केली.

त्यापुढचा प्रश्न जास्त अवघड होता. "ही खाते काय?" मी म्हटलं, "पेलेटचं खाद्य बाबाकडे खाते, माझ्याकडे थोडे शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया." तोपर्यंत बाबाचा फोन आला होता. तो म्हणाला, "पेलेट तर ती काकूंकडे खाते ना? मी तीनच दिवस असतो, म्हणून तिच्या आवडीच्या बिया देतो." मंडळी, दोन घरं, दोन प्रेमळ माणसं, आणि सातही दिवस फक्त बिया! बियांमध्ये चरबी भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाही. ग्रे पोपटात कॅल्शियम कमी पडून आकडी येणं हा ओळखीचा आजार आहे. त्यात शिकागोचा हिवाळा. कॅल्शियम अंगी लागायला 'ड' जीवनसत्त्व लागतं, ते उन्हातून मिळतं, आणि त्यासाठी लागणारे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. उरलंसुरलं कॅल्शियम त्या अंड्याच्या कवचात गेलं. आम्ही ज्या अंड्यावर हसलो, ते दुखणंच होतं.

कॅल्शियमच्या इंजेक्शनने ती वाचली. पण आमचं भांडण झालं. तो म्हणाला, "काकू, तुम्ही विचारायला हवं होतं." मी म्हटलं, "अरे, तू कधी सांगितलंस? किल्ली दिलीस आणि विमानात बसलास." दोन आठवडे बोलणं बंद.

मग एक दिवस तो आला तो दोन वस्तू घेऊन. एक दोनशेपानी वही आणि एक सही केलेलं पत्र. पत्रात लिहिलं होतं की, मी गावात नसताना बंडूच्या उपचारांबद्दल काकू जो निर्णय घेतील तो माझाच समजावा, खर्च माझा. त्याची एक प्रत दवाखान्यात दिली. वहीत रोज चार गोष्टी लिहायच्या: काय खाल्लं, किती झोप, विष्ठा कशी, आणि सकाळचं वजन. पक्षी आजार लपवतो, कारण रानात आजारी दिसला तो शिकार झाला. पण वजनकाटा खोटं बोलत नाही. बंडूचं वजन 440 ग्रॅमच्या आसपास असतं. ते दहा टक्क्यांनी उतरलं की वाट न बघता डॉक्टरकडे. वही पिंजऱ्याबरोबर या घरातून त्या घरात जाते. आता सातवी वही चालू आहे.

एवढ्याने सगळं सुटलं का? नाही. 2020 मध्ये करोना आला, बाबा घरी बसला आणि बंडूला तो दिवसरात्र मिळाला. 2022 मध्ये पुन्हा बॅग निघाली, तेव्हा तिने छातीवरची पिसं उपटायला सुरुवात केली. वहीत खाणं ठीक, वजन ठीक, आणि छाती उघडी पडत चाललेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तपासण्यांत काही निघत नाही, तेव्हा तिच्या दिनक्रमात काय बदललं ते बघा. मग आम्ही निघून जाण्याचीही एक रीत केली. तो गुपचूप पहाटे निघत नाही. रविवारी संध्याकाळी स्वतः तिला आमच्याकडे आणतो, तिच्या हातात, म्हणजे पायात, एक अक्रोड देतो, "गुरुवारी येतो" म्हणतो आणि जातो. झोपेची वेळ दोन्ही घरांत एकच. पिसं बरीचशी परत आली. सगळी नाही आली.

आता मूळ मुद्दा. त्या दोन आठवड्यांच्या अबोल्यात मी बाबावर रागावले होते, आणि एका रात्री लक्षात आलं की हे भांडण मी आधी एकदा ऐकलेलं आहे. फक्त तेव्हा विमानात बसणारी मी होते. माझी आई सांगलीला होती. तिचं सगळं माझ्या धाकट्या बहिणीने केलं. मी इथून पैसे पाठवायचे आणि रविवारी फोनवर सूचना द्यायचे. हे औषध का दिलं, ती बाई का बदलली. एकदा रात्री दवाखान्यातून बहिणीचा फोन आला, "ताई, आत्ता निर्णय घ्यायचाय, घेऊ का?" मी म्हटलं, "थांब, इथल्या डॉक्टरांना विचारते." ती थांबली. आईला त्यातून काही झालं नाही, देवाची कृपा. पण बहीण त्या बाकावर रात्रभर माझ्या होकाराची वाट बघत बसली होती. मी तिला किल्ली दिली होती, पत्र दिलं नव्हतं. यासाठी मी तिची माफी मागितली, पण ती बंडूच्या आजारपणानंतर.

मंडळी, आपण सगळेच बंडूचे बाबा आहोत. आपलं प्रेम खोटं नाही, पण आपण तिथे नाही. जो रोज तिथे आहे त्याला तीन गोष्टी लागतात. वेळेवर पैसे लागतात. निर्णय घ्यायचा अधिकार लागतो, तोही लेखी. आणि आपण वही वाचावी लागते, म्हणजे त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. आजच्या निधीतून त्या मदतनीस बायकांना दरमहा ठरलेल्या तारखेला मानधन जाईल, आणि अडीअडचणीला एक रक्कम त्यांच्या हाती असेल, जी खर्च करताना त्यांनी अमेरिकेतल्या कुणाच्या फोनची वाट बघायची नाही. हिशेब जरूर मागू. पण तो नंतर.

तुमच्या ताटाशेजारी पाकीट आहे. त्यात रक्कम घाला, आणि पाठीमागे तुमच्या घरच्यांचं तिकडे रोजचं बघणाऱ्या माणसाचं नाव लिहा. भाऊ, वहिनी, शेजारच्या काकू, कामाच्या मावशी, जे कोणी असेल ते. आणि आज घरी गेल्यावर त्यांना एक फोन करा. सूचना देऊ नका. फक्त विचारा, "तुम्हाला काय हवंय?"

आमचे हे आणि मी आता सत्तरीकडे आलो. बंडू अजून तीस-चाळीस वर्षं जगेल. तेव्हा तिची पुढची सोय कोणाकडे, हेही बाबा आणि आम्ही मिळून लिहून ठेवलं आहे. इलिनॉयमध्ये पाळीव प्राण्यासाठी रीतसर ट्रस्ट करता येतो. तुमच्यापैकी कोणा तरुण जोडप्याची तयारी असेल तर जेवताना मला भेटा. वह्या फुकट मिळतील.

जेवण तयार आहे.