दोनशे मीटरवरून पाहिलेले आजोळ
(गेल्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘कॅनडाच्या प्रवासावर पंधरा मिनिटे बोला’ असे चिटणीसांनी सांगितले, तेव्हा मी नायगराचे वर्णन करीन असे त्यांना वाटले असावे. नायगरा मी पाहिलेला नाही. मी बोलणार आहे कयाकबद्दल. विशाखापट्टणमला येऊन एकतीस वर्षे झाली, पण समुद्राचे पाणी घोट्याच्या वर कधी येऊ दिले नाही, तीच मी!

लेक व्हँकूवरला असते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिने मला न विचारता चार दिवसांच्या कयाक सहलीचे पैसे भरून टाकले. व्हँकूवर बेटाच्या ईशान्य किनाऱ्याला जॉनस्टन सामुद्रधुनी आहे. तिथे उन्हाळ्यात सामन मासे येतात आणि त्यांच्या मागे ओर्का देवमासे.

कयाक म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून झाकलेली अरुंद होडी. आपण भोकात बसायचे आणि कमरेभोवतीचा झगा भोकाच्या काठाला अडकवायचा, म्हणजे पाणी आत येत नाही. वल्हे एकच, पाती दोन. सुकाणू मागच्याच्या पायाशी, म्हणजे लेकीकडे. मी पुढे, नुसती भीत बसायला. बारा वर्षांची नात गाईडबरोबर दुसऱ्या कयाकमध्ये. पाणी भर उन्हाळ्यातही दहा अंशांच्या आसपास. बुडाले तर पोहता येते की नाही हा प्रश्न नंतरचा, आधी थंडीच गाठणार, अशी माझी मनातल्या मनात गणिते चाललेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुके होते. अचानक ‘फूऽस’ असा आवाज आला, कुकरची शिटी सुटण्याआधी येतो ना, तसा. गाईडने हात वर केला. आम्ही सगळे किनाऱ्यालगत केल्पच्या झुडपांत गेलो आणि एकमेकांच्या कयाक धरून गप्प बसलो. ओर्कांपासून दोनशे मीटर दूर राहावे, असा तिथे कायदा आहे. धुके जरा विरळ झाले आणि एकामागून एक काळे पर वर आले. नराचा पर तर माणसाच्या उंचीएवढा. त्यांच्या पुढे चाललेली मात्र एक म्हातारी मादी होती, असे गाईडने सांगितले.

या ओर्कांची हकिकत ऐकून मी भीती विसरले. मायकल बिग नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात परांचे फोटो काढून एकेक ओर्का ओळखायची पद्धत बसवली. त्यातून कुटुंबे कळली. इथले ओर्का मासेच खातात (आपल्या मालवणकरांनी टाळ्या वाजवायला हरकत नाही), आणि मुलगा असो की मुलगी, जन्मभर आईजवळच राहतात. पिल्ले होण्याचे वय उलटल्यावरही माद्या कित्येक वर्षे जगतात आणि सामन कमी असेल त्या वर्षी याच आज्या पुढे होऊन वाट दाखवतात. म्हणजे सगळे आजोळच!

गाईडने पाण्यात मायक्रोफोन सोडला. शिट्या, करकर, मांजराच्या पिल्लासारखे आवाज. प्रत्येक कुटुंबसमूहाची बोली वेगळी असते आणि पिल्ले ती आईकडून शिकतात, असे ती म्हणाली. नात डोळे मोठे करून ऐकत होती. माझ्याशी ती इंग्रजीतच बोलते. मी लेकीला म्हटले, “बघ, माशांनासुद्धा जमते.” लेक मागून म्हणाली, “आई, एकतीस वर्षांत तू तेलुगू किती शिकलीस?” भाजीवाल्यापुरती, हे तिलाही ठाऊक आहे. वल्हे मारत राहिले.

आमची गाईड तिथल्याच ‘नमगीस’ लोकांपैकी. त्यांची भाषा क्वाकवाला. शेवटच्या दिवशी तिने आम्हाला अलर्ट बे या गावी नेले. खरे सांगते, पर्यटकांसाठी नाच-गाणे असेल, दुकानातून एखादा मुखवटा घेऊन परत यायचे, एवढीच माझी अपेक्षा होती.

या लोकांत पॉटलॅच नावाचा सोहळा असतो. नाव ठेवणे, लग्न, मृत्यू, अशा प्रसंगी यजमान पाहुण्यांना भरभरून देतो आणि पाहुणे त्या प्रसंगाचे साक्षीदार होतात. १८८५ पासून १९५१ पर्यंत कॅनडात हा सोहळा करणे गुन्हा होता. १९२१ साली डॅन क्रॅनमर यांनी जवळच्या एका बेटावर मोठा पॉटलॅच केला. लोकांवर खटले झाले. मुखवटे, तांब्याचे मानाचे पत्रे सरकारने घेतले, ते दूरच्या संग्रहालयांत गेले. परत मिळवायला अर्धे शतक लागले. १९८० मध्ये गावात उमिस्ता सांस्कृतिक केंद्र उघडले. तिथे परत आलेले मुखवटे काचेच्या कपाटात ठेवलेले नाहीत. इतकी वर्षे कोंडून होते, आणखी कशाला कोंडायचे?

केंद्राशेजारी मोकळी जागा आहे. तिथे आदिवासी मुलांची निवासी शाळा होती, २०१५ मध्ये पाडली. गाईडची आजी त्या शाळेतली. आपल्या भाषेत बोलले की शिक्षा व्हायची. पुढे तिने स्वतःच्या मुलांशीही क्वाकवालात बोलायचे टाळले, त्यांना त्रास नको म्हणून. गाईड आता मोठेपणी वर्गात जाऊन ती भाषा शिकते आहे. हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितले आणि पुढे चालू लागली. आमच्यावर तर कुणी बंदी घातली नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

लाकडी मोठ्या घरात पाच-सहा वर्षांची मुले नाचली. शेवटच्या नाचाला पाहुण्यांना बोलावतात. मी बाकाला चिकटून बसले होते. नातीने हात ओढला, “आजी, चल ना.” गेले.

आता गुडघ्यांचे काय, असे काही जणी मघापासून विचारताहेत. बसताना त्रास होत नाही, उठताना होतो. दोघींनी धरून ओढून काढले. जायचे तर जुलै ते सप्टेंबर बरे. पोहता आले नाही तरी चालते, लाइफ जॅकेट काढू देतच नाहीत. आणि लोकरीचे मोजे न्या, सुती मोजे ओले झाले की चार दिवस वाळत नाहीत.